भागीचे घोडे : वारा, वीज, बांबू आणि सामायिक मालकी

सामायिक मालकीविषयी मराठीत दोन म्हणी आहेत आणि त्या एकमेकींना खोडून काढतात. एक सांगते, 'गाव करी ते राव न करी'. दुसरी सांगते, 'भागीचे घोडे किवणाने मेले'. पहिलीत गावाची एकजूट राजाच्या सत्तेहून थोर ठरते. दुसरीत चौघांनी मिळून घेतलेले घोडे जखम चिघळून मरते, कारण औषधपाण्याचे काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवलेले असते. परस्परविरोधी म्हणींकडे आपण बहुधा भाषेची गंमत म्हणून पाहतो आणि पुढे जातो. आमच्या मते ह्या जोडीत एक गंभीर ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे. सामायिक मालकी केव्हा पहिल्या म्हणीच्या वाट्याला जाते आणि केव्हा दुसऱ्या?

हा प्रश्न गेली काही दशके जगभर विचारला जातो आहे तो विशेषतः पवनऊर्जेच्या संदर्भात. गावकऱ्यांनी मिळून पवनचक्की उभारावी, तिची मालकी आपल्याकडे ठेवावी, तिच्या उत्पन्नातून गावाचे भले करावे, ही कल्पना काही देशांत रुजली आणि काही ठिकाणी कागदावरच राहिली. आम्ही ह्या प्रश्नाकडे पाहू इच्छितो ते पोंभुर्ण्याच्या बाजूने, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जंगलजिल्ह्यांच्या बाजूने. वाचक लगेच विचारील, की तिथे पवनचक्क्या आहेत कुठे? नाहीत, आणि त्याला साधे भौतिक कारण आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. वेग निम्मा झाला तर ती एक-अष्टमांशावर येते. महाराष्ट्रातला कामाचा वारा सह्याद्रीच्या पठारांवर आणि खानदेश-मराठवाड्याच्या काही उघड्या माळांवर वाहतो. वैनगंगेच्या खोऱ्यात, साग-मोहाच्या आणि बांबूच्या जंगलात तो पुरेसा नाही. परंतु पवनचक्की नसलेल्या ह्याच प्रदेशात सामायिक मालकीचा असा एक प्रयोग झाला, की वाऱ्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याने तिथे जाऊन बसावे. तो प्रयोग बांबूचा. त्याच्याकडे येण्यापूर्वी वाऱ्याचा आणि विजेचा इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

शाळेतली पवनचक्की

सामायिक पवनऊर्जेचे माहेर डेन्मार्क. त्या इतिहासाचा आरंभ कारखान्यात झाला नाही, तो एका शाळेत झाला. १८९१ साली आस्कव ह्या खेड्यातील लोकविद्यापीठात पाउल ला कूर ह्या शिक्षकाने वाऱ्यावर वीज निर्माण करणारी प्रायोगिक चक्की उभारली. ही लोकविद्यापीठे म्हणजे ग्रुंटविग ह्या कवी-धर्मचिंतकाच्या प्रेरणेतून निघालेल्या, शेतकऱ्यांच्या मुलांसाठीच्या निवासी शाळा. तिथे परीक्षा नव्हत्या. इतिहास, गाणी, भाषा आणि शेतीचे ज्ञान एकत्र शिकवले जाई. त्याच काळात डॅनिश शेतकऱ्यांच्या सहकारी दूधडेअऱ्या उभ्या राहिल्या. पवनचक्कीपूर्वी तिथल्या खेड्यांना हिशेब वाचण्याची, सभेत बोलण्याची आणि एकमेकांवर लक्ष ठेवण्याची दोन-तीन पिढ्यांची सवय होती, हे विसरता येणार नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर ही सवय उपयोगी पडली. सरकार अणुवीजकेंद्रांचा विचार करीत होते, आणि त्याला विरोध करणारे लोक 'मग वीज आणायची कुठून?' ह्या प्रश्नाचे उत्तर हाताने घडवू पाहत होते. ख्रिस्तियान रीसागेर नावाच्या एका सुताराने २२ किलोवॉटची चक्की बनवली. त्विन येथे शिक्षकांनी आणि शेकडो स्वयंसेवकांनी मिळून त्या काळी जगातली एक प्रचंड चक्की उभारली. ती १९७८ साली फिरू लागली. १९७९ पासून सरकारने उभारणीच्या खर्चाचा काही भाग देण्यास आरंभ केला. पुढे १९८५ साली डॅनिश संसदेने अणुऊर्जा आपल्या नियोजनातून वगळली.

ह्या काळात शेजाऱ्यांनी मिळून चक्की घेण्याची जी संस्था रूढ झाली तिच्या नावात 'लाउग' हा शब्द आहे. त्याचा जुना अर्थ कारागिरांची श्रेणी. ह्या संस्थांचे नियम साधे आणि कडक होते. वाटा घ्यायचा तर चक्कीच्या ठराविक परिसरात राहणे आवश्यक. घरच्या वीजवापराच्या प्रमाणाबाहेर वाटे घेता येत नसत. आणि सभासदांवर अमर्याद जबाबदारी येऊ नये म्हणून संस्थेने कर्ज काढूच नये असे पोटनियमातच लिहिलेले असे. चक्कीचा आवाज ज्याच्या कानी पडेल, तिची सावली ज्याच्या अंगणात फिरेल, त्यालाच तिचे उत्पन्न मिळेल, असा हा न्याय होता. पुढे हे निर्बंध सैल झाले, चक्क्या मोठ्या झाल्या, गुंतवणूकदार आले आणि गावोगावचा विरोधही वाढला. २००८ च्या कायद्याने नव्या चक्क्यांचे किमान २० टक्के वाटे जवळपासच्या रहिवाशांना देऊ करण्याची सक्ती करावी लागली. जे आधी आपोआप होत होते ते नंतर कायद्याने करवून घ्यावे लागले, हा त्या इतिहासाचा एक धडा.

तरीही मोठ्या प्रमाणावर सहकार शक्य आहे हे कोपनहेगनच्या बंदरासमोर उभ्या असलेल्या मिडलग्रुंडनने दाखवले. २००० साली तिथे प्रत्येकी २ मेगावॉटच्या वीस चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील निम्म्यांची मालकी शहराच्या वीजसंस्थेकडे आणि निम्म्यांची साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या संस्थेकडे. आराखड्यावर एवढी सार्वजनिक चर्चा झाली की चक्क्यांची मांडणीच बदलली आणि त्या शहराच्या बाजूने एका वक्राकार ओळीत दिसू लागल्या.

आमच्या पठारावरचा वारा

भारतातील पहिल्या पवनक्षेत्रांपैकी एक १९८६ साली कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहिले. त्यातील ५५ किलोवॉटची यंत्रे डॅनिश बनावटीची होती. यंत्र आले, त्यामागची शाळा, डेअरी आणि 'लाउग' आली नाही. पुढे साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडी पठारांवर, धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल परिसरात शेकडो चक्क्या फिरू लागल्या. त्यांना गती मिळाली ती करसवलतीमुळे. चक्कीच्या किमतीचा फार मोठा भाग पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवून उत्पन्नावरील कर वाचवता येत असे. त्यामुळे मालक झाले ते करपात्र नफा असणारे लोक: गिरणीमालक, नट, व्यापारी, कंपन्या. २००३ साली राज्य वीज नियामक आयोगाने पवनविजेला युनिटमागे साडेतीन रुपये आरंभीचा दर ठरवून दिला, तेव्हा ह्या गुंतवणुकीला स्थैर्य आले. पठारावरच्या शेतकऱ्याला जमिनीची किंमत मिळाली, कुणाला राखणदाराची नोकरी मिळाली, गावापर्यंत रस्ता आला. साक्री तालुक्यात वनजमिनी पवनचक्क्यांसाठी वळवण्याला आदिवासी संघटनांनी विरोध केला. ज्याच्या करविवरणपत्रात नफा नाही त्याला ह्या व्यवस्थेत मालक होण्याची वाटच नव्हती. वारा गावाचा होता. सवलत दुसऱ्याची होती.

अपवाद शोधायचा तर तमिळनाडूत जावे लागते. कोइम्बतूर जिल्ह्यातील ओदंतुरै ग्रामपंचायतीने २००६ साली सुमारे दीड कोटी रुपये खर्चून ३५० किलोवॉटची पवनचक्की विकत घेतली. काही रक्कम पंचायतीची शिल्लक, उरलेली बँकेचे कर्ज. चक्की गावात उभारलेली नाही. जिथे वारा चांगला तिथे, उडुमलपेटच्या बाजूला आहे. तिची वीज राज्याच्या वीजमंडळाला विकून पंचायतीने कर्ज फेडण्याची सोय केली. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ह्या पंचायतीने त्याआधी पाणीपुरवठा, घरे, पथदिवे ह्यांचा जमाखर्च वर्षानुवर्षे नीट सांभाळला होता. बँकेने कर्ज दिले ते त्या हिशेबाच्या बळावर. आणि वीज घेणारे मंडळ ठरलेल्या दराने ती घेण्यास बांधलेले होते.

मुळा-प्रवरेची कहाणी

महाराष्ट्राला सहकार शिकवण्याची गरज नाही असे आपण अभिमानाने म्हणतो. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याची परंपरा सर्वांना ठाऊक आहे. त्याच मुलखात विजेचाही सहकार होऊन गेला, हे मात्र क्वचितच आठवले जाते. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर देशात पाच प्रायोगिक संस्था उभारण्यात आल्या. तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर-राहुरी परिसराची मुळा-प्रवरा ही त्यांतील एक. बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी ही दुसरी.

मुळा-प्रवरा वीज निर्माण करीत नव्हती. राज्य वीजमंडळाकडून घाऊक दराने वीज घ्यावी आणि सभासदांना द्यावी, असे तिचे काम. आरंभी तिने पंपांना आणि वाड्या-वस्त्यांना झपाट्याने वीज पोचवली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण पुढे शेतीपंपांची वीज मीटरवर न मोजता अश्वशक्तीवर आकारली जाऊ लागली, शेतीचे दर राज्याच्या राजकारणात ठरू लागले, घाऊक दराविषयी मंडळाशी वाद होत गेले आणि थकबाकी साचली. २०११ साली संस्थेचा वितरण परवाना संपला आणि तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले, तेव्हा ही थकबाकी दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचे सांगितले जात होते. हुक्केरीची संस्था मात्र आजही वितरण करते.

मुळा-प्रवरेच्या ऱ्हासाचे खापर एखाद्या व्यक्तीवर फोडणे सोपे आहे. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. घोड्याची जखम दिसायला हवी असेल तर आधी कुणीतरी घोडा पाहायला हवा. मीटर नसलेल्या पंपाची वीज कुणी पाहत नव्हते. किती आली, किती गळली, किती वापरली, हे सभासदाला कळण्याची सोय नव्हती. कर्ज वाढत होते ते संस्थेच्या नावावर, म्हणजे कुणाच्याच नावावर नाही. डॅनिश शेतकऱ्याने पोटनियमात लिहिलेले 'कर्ज काढायचे नाही' हे वाक्य इथे आठवावे.

कोळशाच्या मुलखात

आता पोंभुर्ण्याकडे येऊ. चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातला हा तालुका: धानाची शेती, जंगल, बांबूकाम करणारे बुरड, गोंड वस्त्या. वीजनिर्मितीच्या नकाशावर चंद्रपूर हे राज्यातील अग्रगण्य नाव आहे. दुर्गापूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोळसा इथला, इरई नदीचे पाणी इथले, राखही इथेच राहते. वीज मात्र दूर जाते. १९९९ च्या सुमारास चंद्रपूर ते मुंबईजवळचे पडघे अशी सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॉट वाहून नेणारी उच्चदाब एकदिश वाहिनी सुरू झाली. तारेखालच्या गावाला त्या तारेतून दिवा लावता येत नाही. तिची रचनाच दोन टोकांना जोडण्याची आहे. मालकी आणि उपद्रव ह्यांची एवढी स्वच्छ फारकत दाखवणारी दुसरी प्रतिमा आम्हांला सुचत नाही.

ह्याच्या अगदी उलट टोकाची गोष्टही विजेपासूनच सुरू होते. १९८० नंतर गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन मोठी धरणे बांधण्याचे घाटत होते. त्यांतून जलविद्युत निर्माण व्हायची होती आणि मोठे जंगल व अनेक आदिवासी गावे बुडायची होती. 'जंगल बचाव, मानव बचाव' हे आंदोलन त्यातून उभे राहिले. लालश्यामशहा महाराज, बाबा आमटे ह्यांच्यासारख्यांनी त्याला बळ दिले आणि धरणे मागे पडली. ह्या आंदोलनातून घडलेल्या कार्यकर्त्यांत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावचे देवाजी तोफा होते. धरण नको, एवढ्याने भागत नाही. मग जंगल कुणाचे, हा पुढचा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

त्या प्रश्नाचा पूर्वेतिहास असा. मध्य प्रांतात गावकऱ्यांना जंगलातून लाकूड, बांबू, गवत, चराई घेण्याचे जे हक्क होते त्यांना 'निस्तार' म्हणत. १९५१ साली जमीनदाऱ्या संपल्या आणि जमीनदारांची जंगले सरकारजमा झाली. जमीनदार गेला हे चांगलेच झाले. पण त्याच्या जागी वनखाते आले आणि निस्तार हळूहळू हक्काचा खाली उतरून सवलत झाला. पुढे सरकारने बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिला. बुरडाला टोपलीसाठी बांबू मागावा लागे आणि कारखान्याला तो नाममात्र दराने मिळे.

मेंढा हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव. तिथला पहिला मोठा झगडा झाला तो घोटुलवरून. गावाने घोटुल बांधण्यासाठी जंगलातून सागवान आणले; वनखात्याने ते बांधकाम उखडून टाकले; आणि गावाने भोवतालच्या गावांच्या साथीने ते पुन्हा उभे केले. मोहन हिराबाई हिरालाल आणि त्यांची 'वृक्षमित्र' ही संस्था गावाबरोबर अभ्यासासाठी जोडली गेली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा पुढे महाराष्ट्रभर गेली, पण घोषणेपेक्षा महत्त्वाची होती ती गावाने लावून घेतलेली पद्धत. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. कुणा एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी: अभ्यासगटात बाहेरचा माणूस येऊन कायदा समजावून सांगू शकतो, वाद घालू शकतो, पण निर्णय त्याने करायचा नाही. मिलिंद बोकील ह्यांच्यासारख्या लेखकाला २०१२ साली 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक लिहावेसे वाटले ते ह्या पद्धतीमुळेच, असे आम्हांला वाटते.

शब्दाची व्याख्या आणि बांबूची मालकी

साहित्याच्या वाचकांना रस वाटावा असा ह्या लढ्याचा भाग पुढे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्क आणि गौण वनोपजाची मालकी दिली. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबू विकायला काढला. वनखाते म्हणाले, वाहतूक परवाना देता येणार नाही, कारण बांबू हे झाड आहे, गौण वनोपज नव्हे. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत. २००६ च्या कायद्यात बांबू गौण वनोपज. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'झाड' ह्या शब्दाच्या व्याख्येत ताड आणि बांबू घातलेले. एका शब्दाच्या व्याख्येवर एका गावाचे उत्पन्न अडले होते. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून बांबूला गौण वनोपज मानण्यास सांगितले आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. १९२७ च्या अधिनियमातील ती व्याख्या मात्र २०१७ साली बदलली.

परवान्याचे पुस्तक ही दिसायला क्षुल्लक वस्तू. पण हक्क आणि बाजार ह्यांच्या मधले दार तेच होते. पवनचक्कीच्या बाबतीत हे दार म्हणजे वीजजाळ्याची जोडणी आणि वीजखरेदीचा करार. हक्काचा कागद हाती असून हे दार बंद असेल, तर मालकी शोभेची राहते.

पोंभुर्ण्याला लागून असलेल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावची गोष्ट आमच्या दृष्टीने मेंढ्याहूनही बोधप्रद आहे. पाचगाव हे अनुसूचित क्षेत्राबाहेरचे छोटे गाव. तिथे मेंढ्याइतका जुना आंदोलनाचा वारसा नव्हता. २०१२ साली ह्या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूतोडीचे स्वतःचे नियम लिहिले. कुठल्या भागात कोणत्या वर्षी तोड करायची, कोवळे कोंब कसे राखायचे, मजुरी किती, रखवालीची पाळी कुणाची, हे सारे सभेत ठरले. बांबूची विक्री ग्रामसभाच करू लागली आणि मजुरीसाठी परगावी जाणे कमी झाले. आणि तेंदूपत्ता गोळा करण्याचे काम, ज्यातून रोख पैसा येतो, ते गावाने बंद केले. अधिक पाने यावीत म्हणून झाडे छाटतात आणि आगी लावतात, त्यात जंगलाची हानी होते आणि टेंभरे खायला मिळत नाहीत, असा गावाचा विचार. मालक आणि मजूर ह्यांतला भेद कुठे दिसतो, असे आम्हांला कुणी विचारले तर आम्ही ह्या निर्णयाकडे बोट दाखवू. मजूर मिळकत नाकारू शकत नाही. मालक नाकारू शकतो.

मग यश कशाने येते?

गॅरेट हार्डिन ह्यांनी १९६८ साली असे मांडले होते, की सामायिक कुरण शेवटी उद्ध्वस्तच होते. म्हणजे भागीचे घोडे मरणारच. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरची कुरणे, कालवे आणि मासेमारीची क्षेत्रे तपासून दाखवले, की अनेक घोडी शेकडो वर्षे सुखरूप आहेत आणि त्यांच्यामागे काही समान नियम आहेत. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याच वर्षी मेंढ्याला हक्काचा कागद मिळाला, हा निव्वळ योगायोग. पण वरील सर्व उदाहरणे शेजारी ठेवली असता ऑस्ट्रॉम ह्यांच्या म्हणण्याला महाराष्ट्राच्या अनुभवाची जोड देता येते.

पहिली गोष्ट सीमेची. वाटा कुणाला आणि कुणाला नाही, हे आरंभीच स्पष्ट असले पाहिजे; आणि उपद्रव सोसणारा सीमेच्या आत असला पाहिजे. डेन्मार्कच्या जुन्या संस्थांत आणि पाचगावात तो होता, वनकुसवड्यात आणि पडघ्याच्या तारेखाली तो नाही. दुसरी गोष्ट मोजमापाची. बांबूची मोळी मोजता येते, चक्कीचे युनिट मोजता येते. मीटर नसलेला पंप मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्याचा हिशेब सभेत मांडता येत नाही, आणि हिशेब नसलेली सभा म्हणजे मेळावा. तिसरी गोष्ट शिक्षणाची, पण ती शाळेच्या दाखल्याची नव्हे. आस्कवचे लोकविद्यापीठ आणि मेंढ्याचा अभ्यासगट ह्यांच्यात शंभर वर्षांचे अंतर असले तरी काम एकच: निर्णय करणाऱ्याला आधी विषय समजला पाहिजे. चौथी गोष्ट बाहेरच्या दाराची, म्हणजे परवान्याचे पुस्तक, वीजखरेदीचा दर, बँकेचे कर्ज. हे दार सरकारच्या हाती असते आणि ते उघडून ठेवणे हे सरकारचे कर्तव्य असते. गावाच्या एकजुटीची स्तुती करून ते टाळता येत नाही. कोरची तालुक्यात अनेक ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली ती ह्याचसाठी. एकटे गाव ठेकेदाराशी घासाघीस करू शकत नाही, चाळीस गावे करू शकतात.

पाचवी गोष्ट नकाराची. जो समाज एखाद्या योजनेला 'नाही' म्हणू शकतो, त्याच्या 'हो' ला अर्थ असतो. इचमपल्लीला नाही म्हटले म्हणून मेंढा उभे राहिले. परंतु हा अधिकार सर्वत्र टिकलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकडीवर ग्रामसभांच्या विरोधानंतरही लोहखनिजाची खाण सुरू झाली. बांबूवर हक्क आणि टेकडीवर नाही, अशी ही अर्धी मालकी आहे. मेंढा-पाचगावची गावे लहान आहेत, लोक एकमेकांना ओळखतात, असा आक्षेपही घेतला जातो. तो खरा आहे. पण मिडलग्रुंडनचे साडेआठ हजार सभासद एकमेकांना ओळखत नव्हते. ओळखीची जागा तिथे छापील हिशेबाने घेतली. संख्या वाढली की विश्वास संपतो असे नाही. तो कागदावर उतरवावा लागतो, एवढेच.

गायरानाचा प्रश्न

हा सारा इतिहास आज सांगण्याचे कारण असे, की सामायिक मालकीचा प्रश्न आता वेगळ्या रूपाने प्रत्येक गावाच्या वेशीवर येऊन ठेपला आहे. २०२३ पासून महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा राबवला जात आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू स्तुत्य आहे. त्यासाठी गायरानासारख्या सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने सौरप्रकल्प उभारणाऱ्यांना दिल्या जातात आणि ग्रामपंचायतीला काही वर्षे अनुदान मिळते. गायरान म्हणजे कागदावर सरकारची आणि वहिवाटीने गावाची जमीन. ज्याला शेत नाही त्याची शेळी तिथेच चरते. त्या जमिनीवर ऊन पडते तेही गावाचेच. मग त्या उन्हाच्या मिळकतीत गाव मालक म्हणून बसणार, की अनुदान घेणारे म्हणून उभे राहणार? आम्ही योजनेला विरोध करीत नाही. वनकुसवड्याच्या वाऱ्याबाबत जो प्रश्न कुणी वेळेवर विचारला नाही तो उन्हाबाबत विचारला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चंद्रपूरचा कोळसा आज ना उद्या संपेल किंवा थांबवला जाईल. त्यानंतर ह्या मुलखात जी वीज निर्माण होईल, उन्हाची असो वा आणखी कशाची, तिच्या मालकीचा निर्णय त्या दिवशी घेऊन चालणार नाही. तो घेण्याची सवय आधीपासून असावी लागते. पाचगावात ती सवय रखवालीच्या पाळ्यांतून लागली, मेंढ्यात सर्वसहमतीसाठी पुन्हा पुन्हा बोलावलेल्या सभांतून. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. भागीचे घोडे किवणाने मरते ते भागी आहे म्हणून नव्हे. आज घोड्याला पाहण्याची पाळी कुणाची, हे ठरलेले नसते म्हणून. ते ठरवण्यासाठी गावाने बसणे, हेच 'गाव करी' ह्या दोन शब्दांतले काम आहे.